नकाशा हातात, मोहने पायाखाली

कल्याणजवळच्या मोहन्यात कुणाला पत्ता सांगायचा तर सुरुवात अजूनही एनआरसीपासून होते. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. त्याच्या वसाहतीतल्या इमारतींचं पाडकामही गेल्या काही वर्षांत सुरू झालं. तरी “एनआरसी गेटवरून पुढे” एवढं म्हटलं की आंबिवली स्टेशनबाहेरचा रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. गावात वाढलेल्या माणसाचा नकाशा असा डोक्यात असतो, आणि तो पिढीगणिक जुना होत जातो. कारखाना चालू असलेला ज्याने पाहिलाच नाही, त्या मुलाला त्या गेटाचं काय? तो मोबाइलवरच्या निळ्या ठिपक्यामागे चालतो. ठिपका पोचला की तोही पोचतो. वाटेत काय लागलं, नदी कुठल्या हाताला होती, हे विचारलं तर त्याला सांगता येत नाही.

या मुलाला आणि त्याच्या आजीला एकाच सकाळी, एकाच मैदानात उतरवणारा एक खेळ आहे. त्याचं नाव ओरिएंटियरिंग. मोहन्यासारख्या गावात तो रुजावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी ना स्टेडियम लागतं ना महागडं सामान. लागतो तो एक चांगला नकाशा. तोही आपणच काढायचा, आणि तिथूनच खेळ सुरू होतो.

खेळ समजायला सोपा आहे. सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात एक नकाशा पडतो. त्यावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण असतो, ती सुरुवात. मग क्रमांक घातलेली वर्तुळं, आणि शेवटी एकात एक अशी दोन वर्तुळं, तो शेवट. प्रत्येक वर्तुळाच्या नेमक्या मध्यावर जमिनीवर काहीतरी ठळक असतं: बांधाचा कोपरा, ओढ्यावरची मोरी, एकटा मोठा दगड, विहीर. तिथे तीस सेंटिमीटरच्या चौकोनाचा, कर्णावर विभागलेला नारिंगी-पांढरा कापडी झेंडा टांगलेला असतो. त्याला कंट्रोल म्हणतात. एक, दोन, तीन अशा क्रमाने सगळे कंट्रोल गाठायचे, तिथे पोचल्याची खूण करायची आणि परत यायचं. सर्वांत कमी वेळात येईल तो जिंकला. दोन कंट्रोलांमध्ये कुठून जायचं हे मात्र कुणी सांगत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. भरधाव धावणारा पोरगा चुकीच्या ओढ्यात शिरतो आणि शांतपणे नकाशा वाचत चाललेले काका त्याच्याआधी झेंड्यापाशी पोचतात. पायांइतकंच डोकं धावायला लागतं, असे खेळ फार थोडे.

‘ओरिएंट’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला उगवता सूर्य आहे. आपल्याकडे जुनी माणसं पूर्व-पश्चिम असं म्हणत नाहीत, उगवतीकडे आणि मावळतीकडे म्हणतात. म्हणजे ओरिएंटियरिंगचं मराठी करायचंच झालं तर ‘उगवत धरणं’ असं करता येईल. हा शब्द प्रथम स्वीडनमधल्या कार्लबर्ग इथल्या सैनिकी अकादमीत १८८६ मध्ये वापरात आला. तेव्हा त्याचा अर्थ नकाशा आणि होकायंत्राच्या आधाराने अनोळखी मुलूख ओलांडणं एवढाच होता. सामान्य लोकांसाठीची पहिली स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत, आजच्या ऑस्लोजवळ झाली. वाटेवर कंट्रोल फक्त तीन.

पण खेळ खऱ्या अर्थाने लोकांचा झाला तो एर्न्स्ट किलांडर या स्वीडिश मेजरमुळे. हे गृहस्थ स्काउट चळवळीतले. तरुण मुलं मैदानी खेळांकडे पाठ फिरवताहेत हे त्यांना सलत होतं. धावण्याच्या ठरीव वर्तुळात मुलांचं मन रमत नसेल, तर त्यांना रानात सोडून पाहावं, असं त्यांनी ठरवलं. २५ मार्च १९१९ रोजी स्टॉकहोमच्या दक्षिणेला नाका इथे त्यांनी घेतलेल्या स्पर्धेला २२० जण आले. पुढे १९६१ मध्ये दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला, आणि १९६६ मध्ये फिनलंडमधल्या फिस्कार्स इथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आज स्वीडनच्या शाळांत हा खेळ शारीरिक शिक्षणाचा भाग आहे. आपल्याकडे एनसीसीच्या अभ्यासक्रमात नकाशावाचन आहे, स्काउट-गाइडमध्येही होकायंत्र शिकवतात. म्हणजे बी आपल्या शाळांमध्ये पडलेलं आहे. मी एनसीसीत असताना नकाशा ‘सेट’ करायला शिकलो तो वर्गातल्या बाकावर, खिडक्या बंद करून. तेच बाहेर, पायाखाली चिखल असताना शिकलो असतो तर त्याची गोडी दहा वर्षं आधी लागली असती.

नकाशा ‘सेट’ करणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी युक्ती आहे. नकाशा वाचता यावा म्हणून अक्षरं सरळ धरायची सवय आपल्याला शाळेच्या ॲटलासने लावली. इथे अक्षरं उलटी झाली तरी चालतील. नकाशावरची उत्तर आणि जमिनीवरची उत्तर एका रेषेत आली पाहिजे. मग नकाशात नदी उजव्या हाताला असेल तर प्रत्यक्षातही ती उजव्या हातालाच असते. वळलात की नकाशाही हातात फिरवायचा. आणि आपण जिथे आहोत त्या जागेवर अंगठा ठेवायचा, पुढे सरकलो की अंगठा सरकवायचा. चांगले खेळाडू तासभर धावून आले तरी त्यांचा अंगठा नकाशावरून उठलेला नसतो.

मोहन्यात नकाशा सेट करायला होकायंत्राचीही गरज नाही. दिवाळीनंतरच्या स्वच्छ सकाळी गच्चीवर जा. मलंगगडाचा सुळका दिसला की ती जवळजवळ थेट दक्षिण समजा. माहुलीचे सुळके दिसले की ती उत्तर, किंचित उगवतीकडे झुकलेली. दोन गडांच्या मध्ये आपलं गाव बसलेलं आहे. शिवाय एका अंगाला उल्हास नदी आणि दुसऱ्या अंगाला कल्याण–कसारा रेल्वे. नवशिक्याला यापेक्षा चांगला मुलूख सापडणं कठीण. खेळाच्या भाषेत अशा लांब, न चुकणाऱ्या रेघांना फार मान आहे. त्यांच्या कडेकडेने जाता येतं, आणि वाट चुकलीच तर पुढे त्या आपल्याला अडवतात. नदी लागली म्हणजे आपण जास्त पुढे आलो. रुळांचा आवाज जवळ आला म्हणजे उलट दिशेला वळायचं. मूल हरवण्याची भीती असलेल्या आईला मी हेच सांगतो.

नकाशाचे रंग मात्र नव्याने शिकावे लागतात, कारण ते ॲटलासच्या रंगांशी जुळत नाहीत. ॲटलासमध्ये हिरवं म्हणजे सखल प्रदेश. इथे हिरवं म्हणजे अडथळा. जितका रंग गडद तितकी झाडी दाट आणि चाल मंद. करवंदीची जाळी आणि घाणेरीचं रान गडद हिरवं. ज्या झाडीतून सहज पळता येतं ती पांढरी. उघडी जमीन पिवळी, म्हणजे आपली भातखाचरं. पाणी निळं. दगड आणि माणसाने बांधलेलं सगळं काळं. आणि तपकिरी रेघा उंचीच्या.

या तपकिरी रेघांपाशी लोक अडतात, पण मराठी माणसाने अडायचं कारण नाही. समोच्च रेषा हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात पाठ केला आणि विसरला, तरी डोंगराच्या आकारांना आपल्याकडे जितके शब्द आहेत तितके क्वचित कुठे असतील. रेघा उताराकडे जिभेसारख्या बाहेर आल्या की ती सोंड. आत वर चढत गेल्या की घळ. दोन टेकड्यांच्या मध्ये चिमटीत सापडल्यासारख्या दिसल्या की खिंड. एकमेकींना चिकटून गेल्या की कडा. मध्येच ऐसपैस पसरल्या आणि पुन्हा दाटल्या की पदर. गडांवर भटकणाऱ्या ठाण्या-कल्याणच्या पोरांना हे सगळं पायांना माहीत असतं. ते डोळ्यांनी कागदावर ओळखायचं, एवढंच राहतं. आणि इथल्या ठाकूर-कातकरी माणसांना तर कागदाचीही गरज पडत नाही. त्यांच्याबरोबर एक सकाळ ओढ्याच्या कडेने हिंडलं तर जमीन कशी वाचायची हे कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळतं.

आता प्रश्न नकाशाचा. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून देश मोजतो आहे आणि त्यांचे १:५०,००० चे नकाशे ट्रेकर मंडळींना ठाऊक असतात. मोहन्याची एक गंमत अशी की १९ अंश १५ मिनिटांची अक्षांशरेषा शहाड आणि आंबिवली स्टेशनांच्या मधून जाते, आणि त्या जुन्या पद्धतीच्या नकाशांची दोन पानं तिथेच एकमेकांना भिडतात. शहाड ४७ ई/४ वर, आंबिवली ४७ ई/३ वर. पण या नकाशात एक किलोमीटर दोन सेंटिमीटरांत मावतो. त्यात मोरी, विहीर, बांध कुठून दिसणार? खेळासाठीचे नकाशे साधारण १:१५,००० किंवा १:१०,००० चे असतात, आणि वस्तीत खेळायचे १:४,००० चे. साध्या ए-फोर कागदावर १:४,००० या प्रमाणात सुमारे ८४० मीटर रुंद आणि ११९० मीटर लांब इतका भाग बसतो. सुरुवातीला तेवढा पुष्कळ झाला.

असा मोहन्याचा नकाशा आपणच काढायचा. आधी मोठ्या प्रमाणावरचे नकाशे काढण्यावर आपल्याकडे बरीच बंधनं होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि भारतीय नागरिकांसाठी, संस्थांसाठी हे काम खूपच मोकळं झालं. संवेदनशील ठिकाणांचे नियम पाळायचे, एवढं पथ्य. ओपनस्ट्रीटमॅपवरचे रस्ते आणि इमारती आधाराला घ्यायच्या, त्याची फिकट छपाई करायची आणि ती पाटीला लावून गल्लीगल्ली हिंडायचं. नकाशात नाही आणि जमिनीवर आहे ते पेन्सिलीने भरायचं, जमिनीवर उरलं नाही ते खोडायचं. कुंपणातून जाता येतं का, गल्लीचं दुसरं तोंड उघडं आहे का, गटारावरची फरशी अजून शाबूत आहे का, हे उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत नाही. ते चालूनच कळतं. मग ओपनओरिएंटियरिंग मॅपर नावाच्या मोफत संगणकप्रणालीत ते रंगांत उतरवायचं. संगणक नसेल तर रंगीत पेन्सिली पुरतात. रेल्वेची हद्द, पाणीपुरवठ्याची केंद्रं, बंद कारखान्याची जागा, कुणाची खासगी बाग, हे सगळं जांभळ्या रेघांनी बाद करून टाकायचं. तिथे पाऊल टाकलं तर खेळाडू बाद, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा.

अंतर मोजायला फीतही लागत नाही. सपाट रस्त्यावर शंभर मीटर आखून घ्या आणि डावा पाय किती वेळा पडतो ते मोजा. मोठ्या माणसाच्या चालीत ही संख्या बहुधा ६० ते ७० च्या दरम्यान येते, मुलांची जास्त. आपला आकडा एकदा पक्का झाला की तो जन्मभर कामाला येतो. चढ लागला तर एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. दहा मीटर उंची चढण्याला साधारण शंभर मीटर सपाट चालण्याइतकी मेहनत पडते. म्हणून टेकडी डोक्यावरून ओलांडायची की वळसा घालायचा, हे ठरवताना रेघा मोजायच्या.

होकायंत्राबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे आपल्या मुलखाचे काही विशेष आहेत. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकावर पानंच्या पानं असतात. ठाणे जिल्ह्यात हा फरक एक अंशापेक्षाही कमी आहे, म्हणून नवशिक्याने ते प्रकरण खुशाल सोडून द्यावं. दुसरी गोष्ट मात्र सोडू नये. चुंबकाची सुई नुसती उत्तरेकडे वळत नाही, ती जमिनीकडे झुकतेही. स्वीडनमध्ये हा झुकाव ७० अंशांहून जास्त, आपल्याकडे ३० अंशांच्या आत. उत्तर युरोपसाठी तोललेलं होकायंत्र कुणी परदेशातून भेट आणलं, तर त्याची सुई इथे डबीला घासून अडकू शकते. घेताना ते आपल्या पट्ट्यासाठी किंवा सगळ्या जगासाठी तोललेलं आहे ना, हे विचारून घ्यावं.

तिसरी गोष्ट पायाखालची. आपला सगळा डोंगर बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि त्यात चुंबकीय खनिज असतं. काळ्या दगडावर होकायंत्र ठेवून वाचलं तर सुई थोडी भरकटू शकते. हातात, छातीशी धरून वाचावं. मोबाइल, लोखंडी पूल, उभ्या गाड्या, रूळ यांपासून दूर. मुंबईला या गोष्टीचा मोठा धडा मिळालेला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी करावी लागली. ती आजही तिथेच चालू आहे. आणि अचूकपणाचं महत्त्व मुलांना पटवायचं तर एक गणित करायला द्यावं. पाच अंश चुकलं तर तीनशे मीटरनंतर माणूस झेंड्यापासून साधारण सव्वीस मीटर बाजूला निघतो. दाट झाडीत सव्वीस मीटर म्हणजे झेंडा दिसतच नाही.

सूर्यावरून दिशा काढण्याचाही इथे एक सापळा आहे. दुपारची सावली उत्तरेकडे पडते हे आपण शिकलेलो असतो. मोहन्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे सावली दक्षिणेकडे पडते. शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो तो याच दोन टोकांना.

वय किती हवं? स्वीडन-नॉर्वेत चालायला लागलेली पोरं दोरीवरची वाट खेळतात. जमिनीलगत दोरी बांधलेली असते, तिला धरून चालायचं, मध्ये मध्ये प्राण्यांची चित्रं लावलेले झेंडे. स्पर्धांमध्ये दहा वर्षांखालचे, बारा वर्षांखालचे असे गट असतात, आणि पस्तिशीनंतर दर पाच वर्षांनी नवा गट. ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत नव्वदी गाठलेले खेळाडूही उतरतात. ज्यांना धावता येत नाही, जे चाकाच्या खुर्चीत आहेत, त्यांच्यासाठी ट्रेल-ओ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात ठरलेल्या वाटेवरूनच जायचं, समोर दिसणाऱ्या अनेक झेंड्यांपैकी नकाशातला खरा कुठला हे ओळखायचं. चालण्याचा वेग त्यात मोजलाच जात नाही. गुडघे दुखतात म्हणून घरी बसलेल्या आजोबांना मी आधी हाच प्रकार दाखवीन.

पहिला खेळ छोटा ठेवावा. दीड किलोमीटर, आठ कंट्रोल, सगळे रस्त्याजवळ आणि ठळक जागी. झेंडे शिंपी शिवून देतो, नाहीतर पुठ्ठ्यावर रंग द्यावा. पोचल्याची खूण म्हणून प्रत्येक झेंड्याला वेगळ्या रंगाचा खडू दोऱ्याने बांधून ठेवला की झालं. मुलं आपल्या कागदावर त्या रंगाची रेघ ओढतात. मोठ्यांना हवं तर मॅपरन नावाचं मोफत ॲप आहे, त्यात झेंडे लावायचीही गरज नाही. फोन खिशात ठेवायचा, ठरलेल्या जागी पोचलं की तो वाजतो. दर दोन मिनिटांनी एकाला सोडावं, म्हणजे कुणी कुणाच्या मागे धावत नाही. लहान मुलांना जोडीने सोडावं, आणि जोडीत एक घरातलं मोठं माणूस असेल तर उत्तमच.

वेळ निवडायची ती भातकापणी उरकल्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खाचरं मोकळी असतात, गवत सुकलेलं असतं, साप कमी दिसतात. तरी शेतकऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या रानात वाट आखू नये, बांधावरूनच चालावं. पावसाळ्यात नदीकाठ पूर्ण वर्ज्य. २६ जुलै २००५ च्या पुराचं पाणी ज्यांनी पाहिलं आहे त्यांना उल्हासबद्दल वेगळं सांगायला नको. पायात बूट, अंगभर कपडे, पाण्याची बाटली आणि गळ्यात शिट्टी. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही खूण जगभर चालते. मुलांना ती खेळाआधी एकदा वाजवून दाखवायला लावावी.

आणि एक नियम या खेळात सर्वांत आधी शिकवतात. कंट्रोल सगळे सापडोत की एकही न सापडो, शेवटच्या टेबलापाशी येऊन आपण परत आल्याचं सांगितल्याशिवाय घरी जायचं नाही. सुटताना लिहून घेतलेल्या प्रत्येक नावापुढे खूण झाली पाहिजे. शेवटचा माणूस येईपर्यंत टेबल उचलायचं नसतं. हा शेवटचा माणूस बहुतेक वेळा नातीचा हात धरून चाललेली एखादी आजी असते, आणि तोवर आधी आलेली मंडळी नकाशे जमिनीवर पसरून पेन्सिलीने आपापली वाट काढत बसलेली असतात. कोण कुठल्या बाजूने वळलं, कोण ओढ्यात अडकलं, पाच नंबरला कुणी दोन फेऱ्या मारल्या. आजी येऊन टेकते. तिची रेघ इतरांच्या रेघांपासून वेगळीच जाते, दोन चाळींच्या मधून, जिथे नकाशावर सलग भिंत काढलेली आहे. तिथून पूर्वी पाण्याला जायची वाट होती आणि ती अजून उघडी आहे, असं ती सांगते. नकाशा काढणारा रबर आणि पेन्सिल उचलतो आणि तिच्याबरोबर ती वाट पाहायला निघतो.